शेंडा सहा वर्षांचा

केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. कोकणातल्या मालगुंड गावातल्या एखाद्या मुलीची वेणी कंबरेला टेकत असेल, म्हणजे ७०-७५ सेंटिमीटर असेल, तर तिच्या शेंड्याचा केस टाळूतून बाहेर पडला त्याला सहा वर्षं झाली. सहा पावसाळ्यांची दमट हवा, सहा उन्हाळे, शेकडो न्हाणी, रोजचा कंगवा, सुट्टीत गायवाडीच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात मारलेल्या बुड्या, सगळं त्याने सोसलेलं असतं. मुळाशी आहे तो केस जेमतेम गेल्या महिन्यातला. तरी तेल जिरवलं जातं ते टाळूवर, आणि शेंड्यांना मिळतो हाताला उरलेला ओशटपणा.

डीप कंडिशनिंग मास्कचं खरं काम या शेंड्यांवर आहे.

केसाच्या बाहेरच्या बाजूला खवल्यांचं आवरण असतं. छपरावरच्या कौलांसारखे ते एकावर एक बसलेले असतात. घासण्याने, उन्हाने आणि सगळ्यांत जास्त ब्लीच, रंग किंवा स्ट्रेटनिंगने हे खवले उचकटतात, झिजतात. अशा दुखावलेल्या जागी ऋण विद्युतभार वाढतो. मास्कमधले धनभारित घटक नेमके तिथेच जाऊन चिकटतात, आणि त्यांच्यासोबतच्या सिटाइल अल्कोहोलसारख्या स्निग्ध पदार्थांचा पातळ थर केसावर बसतो. केसाला केस कमी घासतो, कंगवा अडकत नाही, तुटणं कमी होतं. फायदा खरा आहे, पण तो पुढच्या एक-दोन न्हाण्यांपुरता. केस ही निर्जीव वस्तू आहे; फाटे फुटलेला शेंडा कोणतंही क्रीम कायमचा सांधू शकत नाही. तिथे कात्रीच हवी. ‘मुळापासून पोषण’ असं डब्यावर छापणाऱ्यांनी हे ग्राहकाला सांगायला हवं, आणि ते सांगत नाहीत, ही गोष्ट गंभीर आहे.

नारळाच्या गावात एक प्रश्न उरतोच: खोबरेल असताना मास्क कशाला? मुंबईत आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना करून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. केसातल्या प्रथिनांची झीज लक्षणीय कमी केली ती एकट्या खोबरेलाने. धड केसांतही आणि खराब झालेल्या केसांतही. कारण त्यातलं लॉरिक आम्ल. खोबरेलात जवळपास निम्मा वाटा त्याचा असतो, आणि त्याचा रेणू लहान व सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीतले होते, हेही वाचकाला माहीत असावं. पण तेल आत शिरतं हे रसायनशास्त्राला धरूनच आहे.

म्हणून दोघांची जागा वेगळी. तेल न्हाण्याआधी, लांबीला आणि शेंड्यांना, म्हणजे पाण्याने केस फुगणं आवरतं. मास्क शाम्पूनंतर, पाणी निथळून, कानांच्या खाली, दहा-पंधरा मिनिटं. रात्रभर ठेवून जास्त काही पदरात पडत नाही. ज्यांनी केसांना कधी रंग लावला नाही की ते सरळ करून घेतले नाहीत, त्यांचं न्हाण्याआधीच्या तेलावर आणि साध्या कंडिशनरवर बहुधा भागेल. लग्नसराईत स्ट्रेटनिंग करून घेतलेल्या मुलींना मात्र आठवड्याला एक मास्क लागतोच. त्या प्रक्रियेत केसाच्या आतले गंधकाचे बंध तोडलेले असतात.

परसातल्या जास्वंदीचा पाला वाटून लावायची जुनी रीत चांगली आहे. त्याच्या बुळबुळीत रसाने गुंता सहज सुटतो. नारळाचा रस लावायलाही हरकत नाही; पण त्यात पाणी जास्त, तेल कमी, त्यामुळे खोबरेलाची सर त्याला नाही. अंड्याच्या प्रथिनाचा रेणू मोठा. तो केसात शिरत नाही, वास तेवढा मागे राहतो.

कोंडा असलेल्यांनी टाळूला ना तेल चोपडावं ना मास्क. कोंड्यामागची मॅलेसेझिया ही बुरशी स्निग्ध आम्लांवरच पोसते, आणि आषाढ-श्रावणात दिवसभर ओला राहिलेला अंबाडा तिच्या पथ्यावर पडतो. मास्कचा डबा विकत घेताना घटकांच्या यादीत वरच्या ओळींत बेहेनट्रिमोनियम किंवा सेट्रिमोनियम असा धनभारित घटक आहे का ते बघावं. ते असेल तर स्वस्त डबाही चालतो.