नियम कपड्यांचा हवा, सक्ती भिजण्याची नको



सुट्टी लागली की मुलांच्या तोंडी गोराईचं वॉटर किंगडम, खोपोलीजवळचं इमॅजिका ही नावं यायला लागतात. मग डब्याची, गाडीची, तिकिटांची सगळी चौकशी होते. कपड्यांची मात्र कुणी करत नाही. ते कळतं आत गेल्यावर, पाटी वाचली की. सुती कपडे, जीन्स, साडी, ओढणी चालणार नाही. नायलॉनचा किंवा तसाच कृत्रिम धाग्याचा पोशाख हवा. मग एक तर भाड्याने घ्या, नाहीतर काठावर बसा. काठावर कोण बसतं? बहुतेक वेळा आई. सगळ्यांच्या पिशव्या, चष्मे आणि मोबाइल सांभाळत. कधीकधी तिच्या शेजारी आठवी-नववीतली लेकही.

माझं म्हणणं साधं आहे. कपड्यांचा नियम मुलांना घरी आणि वर्गातच, कारणांसह समजावून सांगावा. आणि तो समजल्यावरही एखादं मूल 'मला भिजायचं नाही' म्हणालं, तर तेही ऐकावं.

आधी नियमाचं पाहू. 'भाड्याचा धंदा चालावा म्हणून केलेला नियम' असं अनेकांना वाटतं. पण त्याची कारणं आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातलीच आहेत. कापसाच्या धाग्याला पाणी आवडतं. नेहमीच्या हवेतूनसुद्धा कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो; नायलॉन सुमारे ४ टक्के, तर पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. भिजलेला सुती टी-शर्ट जड होतो, अंगाला चिकटतो आणि घसरगुंडीवर ब्रेकसारखा अडतो. मूल मध्येच थांबलं आणि मागून दुसरं वेगात आलं, तर टक्कर ठरलेलीच. शिवाय सुटलेले धागे आणि रंग पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत जातात. जीन्सची धातूची बटणं आणि चेन घसरगुंडीचा गुळगुळीत पृष्ठभाग खरवडतात, मागून येणाऱ्यालाही लागू शकतात.

हे वर्गात करून पाहा. सारख्या आकाराचा एक सुती आणि एक नायलॉनचा तुकडा कोरडा असताना वजन करा, मग भिजवून, निथळून पुन्हा करा. आकडे फळ्यावर लिहिले की वेगळं सांगावं लागत नाही.

लोंबणाऱ्या वस्तूंचं कारण तर त्याहून गंभीर. २०१८ मध्ये हरियाणातल्या पिंजोर इथे गो-कार्टच्या चाकात केस अडकून एका तरुणीचा जीव गेला. ती पाण्यातली राइड नव्हती, पण धोक्याची जात तीच. मोकळे केस, ओढणी, गळ्यातली माळ, हुडीची दोरी या गोष्टी फिरत्या आणि वेगाने जाणाऱ्या यंत्राजवळ नकोतच. तिथे 'आमच्यात चालतं' हे उत्तर होऊ शकत नाही.

आता दुसरी बाजू. थीम पार्कमधल्या काही राइड्समध्ये आपण रोजच्या कपड्यांतच होडीत बसतो. ओंडक्याच्या आकाराची होडी उंचावरून पाण्यात कोसळते, ती पद्धत अमेरिकेत टेक्सासमधल्या एका पार्कात १९६३ मध्ये सुरू झाली. दुसरा प्रकार गोल तराफ्याचा. तो स्वतःभोवती फिरत जातो, त्यामुळे धबधब्याखाली नेमकं कोण येणार हे आधी सांगता येत नाही. 'मागे बस, भिजणार नाहीस' हा सल्ला तिथे उपयोगाचा नाही. प्लास्टिकचा रेनकोट घातला तरी पाणी गळ्यातून आणि खालून शिरतं. शिवाय तो सैल असेल तर तिथले कर्मचारी काढायलाही सांगू शकतात, आणि ते ऐकायलाच हवं. खात्रीने कोरडं राहायचं, तर उपाय एकच: त्या राइडमध्ये न बसणं.

इथेच आपण मोठी माणसं चुकतो. 'एवढे पैसे भरलेत, बस ना!' 'सगळे जातायत, तू एकटीच का घाबरतेस?' अहो, तिला पाळी आलेली असेल. त्याचा कान दुखत असेल. एखाद्याला ओल्या, अंगाला चिकटलेल्या कपड्यांत सगळ्यांसमोर उभं राहणं नको वाटत असेल. आणि कारण काहीच नसेल, तरी चालेल. नको म्हणायला कारणपत्र कशाला? शरीराबद्दलचा नकार ऐकून घेणारी माणसं मुलांना घरी आणि शाळेत भेटली, तर पुढे नको तिथे 'नको' म्हणायचं बळ येतं.

पण काठावरची प्रत्येक मुलगी स्वतःच्या मर्जीने बसलेली असते असं समजू नका. पुष्कळदा तिच्याकडे योग्य पोशाख नसतो, किंवा तोकडाच घालावा लागेल अशी तिची समजूत असते. पूर्ण बाह्यांचे, पायघोळ नायलॉनचे पोशाख मिळतात आणि अनेक ठिकाणी चालतात. हे आधी कळलं, तर मुलीच काय, आईसुद्धा पाण्यात उतरेल. म्हणून निघण्यापूर्वी पार्कला फोन करून चार गोष्टी विचारा: कोणतं कापड चालतं, पूर्ण अंगाचा पोशाख चालतो का, भाडं आणि अनामत किती, सामान ठेवायला लॉकर आहे का.

सहल शाळेची असेल, तर अशा ठिकाणांबाबत शिक्षण विभागाच्या सूचना आधी पाहायच्याच. परवानगी असेल, तर भाड्याचा खर्च सुरुवातीलाच वर्गणीत धरा, म्हणजे पैशांअभावी कुणी काठावर राहणार नाही. न भिजणाऱ्यांसोबत एक शिक्षक आणि काहीतरी कार्यक्रम ठेवा. त्यांना पिशव्यांचे राखणदार करू नका. आणि संमतीपत्रावर पालकांच्या सहीखाली एक ओळ मुलासाठी सोडा: 'मला पाण्यात जायचं आहे / नाही.' ती ओळ मुलाला स्वतःच्या हाताने भरू द्या, आणि सहलीच्या दिवशी त्याचं मन बदललं तर तेही चालू द्या.