जोडणी करायची, पण कोणाच्या सोयीनं?

आरोग्य खात्याच्या कुठल्याही बैठकीला जा, हल्ली एक शब्द हमखास कानावर पडतो : जोडणी. सगळी पोर्टलं एकमेकांना जोडली की बायांचे हेलपाटे वाचतील, असं मोठ्या उत्साहानं सांगितलं जातं. संगणकाच्या व्यवसायात या कामासाठी वेगळा हुद्दाच आहे, 'सिस्टीम्स इंटिग्रेशन आर्किटेक्ट'. एका यंत्रणेतला कोणता रकाना दुसरीतल्या कोणत्या रकान्याशी जुळवायचा, माणूस कशावरून ओळखायचा, कोणती माहिती कोणाला दिसेल आणि कोणाला दिसणार नाही, हे त्यानं ठरवायचं असतं. हे तांत्रिक काम आहे, आपल्याला त्यातलं काय कळतं, असं म्हणून आपल्यातल्या अनेक जणी इथंच पान उलटतील. कृपा करून उलटू नका. यातला एकही निर्णय निव्वळ तांत्रिक नाही आणि प्रत्येक निर्णय शेवटी बाईच्या शरीरापाशी येऊन थांबतो.

आज परिस्थिती काय आहे? बुलडाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यातली एक गरोदर बाई घ्या. नर्सबाई तिची नोंद आरसीएच पोर्टलवर करते. तीच बाई अंगणवाडीताईच्या फोनमध्ये पोषण ट्रॅकरवर असते. मातृवंदना योजनेच्या पाच हजार रुपयांसाठी तिचा तिसरा फॉर्म भरला जातो. लसीकरणासाठी यू-विन आहेच. वर चौदा आकडी आभा क्रमांक. पोट एक, आणि त्याचे हिशेब पाच ठिकाणी! २००८ साली एचएमआयएस आलं, २००९ मध्ये माता-बाल ट्रॅकिंग, २०१२ मध्ये क्षयरोगासाठी निक्षय, २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर. दर वेळी नवं यंत्र म्हणजे जुन्याचं काम कमी होणार असं सांगण्यात आलं. जुनं रजिस्टर मात्र कपाटातून कधी गेलं नाही.

मग आजवर ही सगळी यंत्रं जोडली कोणी? आशाताईनं, नर्सबाईनं, अंगणवाडीताईनं. कोणत्या यादीतली सुनीता म्हणजे कोणत्या यादीतली संगीता, कोण ऊसतोडीला गेली, कोण बाळंतपणाला माहेरी आली, हे तिच्या डोक्यात असतं. रात्री भाकऱ्या आटोपल्यावर ती एका वहीतून दुसरीत आणि दुसरीतून फोनमध्ये उतरवते. जे काम करणाऱ्या पुरुषाला शहरात मोठा पगार आणि इंग्रजी हुद्दा मिळतो, तेच काम इथं बाई करते तेव्हा ती 'स्वयंसेविका' आणि तिला मिळतो तो 'मोबदला'. घरकाम दिसत नाही असं आपण इतकी वर्षं म्हणत आलो. हे त्याच जातीचं काम आहे.

त्या गप्प बसल्या असंही नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडीताईंनी निकृष्ट सरकारी फोन परत केले. ट्रॅकर मराठीत द्या, ही त्यांची मागणी होती. २००५ पासून राबणाऱ्या आशाताई ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये संपावर गेल्या, त्यात ऑनलाइन कामाची सक्ती हाही मुद्दा होता. वर्तमानपत्रांनी त्या संपांना 'मानधनवाढीचे' म्हटलं. पण ज्या यंत्रणा या बायांच्या हातांवर चालतात, त्या बनवताना त्यांना विचारलं का जात नाही, हा त्यातला दुसरा प्रश्न होता. तो कोणी छापला नाही.

जोडणी नेमकी कुठं हवी होती, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस मुठी-मुठीनं गळू लागले. आधी पाण्यावर संशय, मग बुरशीवर. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्ताचे आणि गव्हाचे नमुने तपासून सेलेनियमचं प्रमाण जास्त असल्याचं सांगितलं आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. त्यावर तज्ज्ञांनी वाद घालावा, तो त्यांचा अधिकार आहे. माझा मुद्दा वेगळा. रेशनच्या गव्हाची नोंद सरकारकडे अंगठ्याच्या ठशासकट आहे. कोणत्या दुकानातून कोणत्या घरात किती गहू गेला, हे यंत्राला माहीत. त्याच घरात कोणाचे केस गळताहेत, हे दुसऱ्या खात्याला माहीत. या दोन माहित्या शेजारी ठेवून बघायला यंत्र लागत नाही, इच्छा लागते. टक्कल पडलेल्या मुली तोंड बांधून फिरत होत्या, लग्नं अडल्याच्या बातम्या येत होत्या, आणि हा दुवा शोधायला एका डॉक्टरला स्वतःहून जिल्ह्यात यावं लागलं. बाईचा अंगठा हवा असतो तेव्हा यंत्रं चटकन बोलू लागतात. बाईच्या ताटात काय पडतं हे विचारायची वेळ आली की ती मुकी होतात.

आता नावाकडे या. यंत्रणा जुळवायच्या म्हणजे आधी माणूस जुळायला हवा आणि माणूस नावावरून जुळतो. पुरुषाचं नाव जन्मापासून सरणापर्यंत एकच. बाईचं? शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं, आधारवर नवऱ्याचं, बँकेत माहेरचं, आणि काही घरांत लग्नात तांदळावर लिहून बदललेलं तिसरंच. यंत्र म्हणतं नाव जुळत नाही, पैसे अडतात. मोताळ्याकडची एक बाई मला म्हणाली, "मी एकटी, अन् कागदावर दोन बाया झाल्या!" तहसिलीत तिलाच सांगितलं जातं, तुमचा कागद चुकला. तिचा कागद चुकलेला नाही. ज्यानं रकाना आखला त्यानं पुरुषाचं आयुष्य समोर ठेवून आखला. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव आलं, त्याचं स्वागत आहे. पण त्या आईचं स्वतःचं नाव कोणतं, हे यंत्राला अजून उमगलेलं नाही.

आणि सगळ्यांत गंभीर गोष्ट संमतीची. आभा क्रमांक ऐच्छिक आहे, असं सरकार म्हणतं. माहिती कोणाला दाखवायची ते रुग्ण फोनवर ठरवेल, अशी योजना. फोन कोणाचा? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जेमतेम ५४ टक्के बायांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. उरलेल्यांचा ओटीपी नवऱ्याच्या किंवा दिराच्या फोनवर जातो. म्हणजे बाईच्या आजाराची किल्ली तिच्या हातात नाही, आणि कागदावर मात्र तिची संमती!

अशा फोनवर गर्भपाताची नोंद गेली तर? २०२१ च्या दुरुस्तीनं गर्भपात कायद्यात कलम ५ अ आलं. बाईचं नाव आणि ओळख डॉक्टरनं उघड करायची नाही, हे त्यात स्पष्ट आहे. आपल्या बुलडाण्याच्याच ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं ते सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून. बदनामीच्या भीतीनं तिनं बाळाला मारलं, शिक्षा तिला झाली, पुरुष कुठंच नव्हता. आजही नोंदीतल्या गर्भाचा बाप नोंदीबाहेरच असतो. म्हणून काही गोष्टी जोडायच्याच नसतात. गर्भपात, एचआयव्ही, मनाचे आजार, मारहाणीची जखम, या नोंदी वेगळ्या कुलुपात हव्यात, आणि किल्ली बाईकडे. जून २०२३ मध्ये कोविनवरची माहिती टेलिग्रामवर मिळत असल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. 'काळजी नको' हे उत्तर आता चालणार नाही.

चळवळीतल्या काही मैत्रिणी म्हणतात, हे संगणकच नको. मला ते पटत नाही. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं कार्ड गावी राहतं आणि ती परक्या तालुक्यात कागदाविना बाळंत होते, तेव्हा जोडलेली नोंद तिचा जीव वाचवू शकते. आपण नकार देऊन बाजूला बसलो तर रकाने आपल्याविना आखले जातील.

तेव्हा मागायचं ते नेमकं मागू या. एकदा भरलेली माहिती दुसऱ्यांदा भरायला लावायची नाही, आणि भरण्याच्या तासांचे पैसे वेगळे द्यायचे. बाईला एकापेक्षा जास्त नावं असू शकतात हे यंत्रानं मान्य करायचं. आभा नाही म्हणून तपासणी नाकारणार नाही, असा मराठी फलक प्रत्येक उपकेंद्रावर लावायचा. रकाने ठरवणाऱ्या समितीत किमान एक आशाताई आणि एक नर्सबाई, भत्त्यासह. आज केंद्रात आरोग्य राज्यमंत्री आपल्याच जिल्ह्याचे खासदार आहेत, त्यामुळे निवेदन द्यायला दिल्लीला जायची गरज नाही. ग्राम आरोग्य समितीच्या पुढच्या बैठकीत आशाताईच्या सगळ्या वह्या आणि फोन टेबलावर मांडा, आणि एकाच बाईचं नाव किती ठिकाणी लिहिलंय ते सगळ्यांसमोर मोजून निवेदनाला जोडा.