मशीन सात हजारांचं, डोळे कितीचे?

चैत्र यात्रेला आठ दिवस होते. तयारीवर फीचर कर म्हणून मला जोतिबाच्या डोंगरावर पाठवलं होतं. बॅरिकेड, पार्किंग, पाण्याचे टँकर, जादा एसटी, सगळं वहीत लिहून झालं. पायऱ्या उतरताना एक पोरगा वर चढताना दिसला. खांद्याला पट्ट्यानं लाल रंगाचा डबा लटकवलेला, जेमतेम लॅपटॉपच्या बॅगेएवढा. मला वाटलं, स्पीकर असेल. तासाभरानं तोच पोरगा एका गुलाल-खोबऱ्याच्या दुकानाच्या लोखंडी चौकटीवर चढून वेल्डिंग करत होता. तो डबा म्हणजे वेल्डिंगचं मशीन होतं. डोळ्यांवर होता साधा गॉगल, जत्रेत मिळतो तसला.

खाली उतरल्यावर चहा झाला, गप्पा झाल्या. वय एकवीस, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. वेल्डिंग कुठं शिकलास, विचारलं. "मोबाईलवर बघून, ताई. दिवाळीत मशीन घेतलं, तवापास्नं सुरू." रात्री डोळ्यांना त्रास होत नाही का? "जळजळतंय की. वाळू गेल्यासारखं वाटतंय. बटाट्याच्या चकत्या ठिवायच्या. एक-दोन दिवसांत बरं वाटतंय."

हा पोरगा म्हणजे आपल्याच बाकावरचा कुणीतरी. कॉलेज करून कमावतोय, कुणापुढं हात पसरत नाही. त्याचं कौतुकच आहे. पण परत येताना एसटीत एकच विचार डोक्यात होता. मशीन एवढं स्वस्त आणि हलकं झालं, मग ते वापरायचं शिक्षण अजून गल्लीतल्या गप्पांवर आणि मोबाईलवर का सोडलंय?

आधी मशीनबद्दल. आपल्या वडिलांच्या पिढीनं पाहिलेलं वेल्डिंग मशीन म्हणजे ऐंशी-शंभर किलोचं धूड. आत तांब्याच्या तारेचा मोठा ट्रान्सफॉर्मर, कधी तेलात बुडवलेला. ते हलवायला चाकं आणि दोन माणसं लागायची. नवं इन्व्हर्टर मशीन वीज घेतं, तिचा डीसी करतं आणि आयजीबीटी नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचनं ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतं. फ्रिक्वेन्सी वाढली की ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. म्हणून शंभर किलोचं काम पाच-सात किलोत होतं. हा आयजीबीटी घडवण्यात सगळ्यात मोठं नाव बी. जयंत बालिगा यांचं. आयआयटी मद्रासला शिकले, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये 1980च्या सुमारास त्यांनी यावर काम केलं आणि 2024 मध्ये त्यांना मिलेनियम टेक्नॉलॉजी प्राइझ मिळालं. तुमच्या घरातल्या इंडक्शन शेगडीतही हाच स्विच असतो.

साधं मशीन पाच-सात हजारांपासून मिळतं, म्हणजे चांगल्या मोबाईलपेक्षा स्वस्त. त्यामुळं शेतकरी घरी नांगराचा फाळ जोडतो, गणपती मंडळ स्वतःच मांडवाची कमान उभी करतं आणि बी.कॉम.चा पोरगा यात्रेच्या आधी चार दुकानांची कामं उरकतो. हे वाईट नाहीच. प्रश्न आहे तो डब्यावर जे लिहिलेलं नसतं त्याचा.

डब्यावर मोठ्या आकड्यात 200 लिहिलेलं असतं. म्हणजे 200 अँपिअर. पोरं खूश. पण आतल्या कागदावर ड्युटी सायकल असते. ती 60 टक्के असेल तर त्या करंटवर दहा मिनिटांत सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं विश्रांती. चैत्रातल्या उन्हात, पत्र्याखाली, ही विश्रांती कोण देतं? दुसरं, वीज. दुकानातल्या सॉकेटला पन्नास फुटांची बारीक वायर जोडली की व्होल्टेज पडतं, कांडी चिकटते, पोरगं करंट आणखी वाढवतं आणि वायर तापायला लागते. अडीच मिलिमीटरच्या कांडीला साधारण 60 ते 90 अँपिअर पुरतात. सव्वातीनची म्हणतात ती 3.15 मिलिमीटरची कांडी घेतली तर 90 ते 130. एवढं पाठ असलं तरी निम्मी भांडणं मिटतात. माझ्या हातात होल्डर दिला तेव्हा माझी कांडी तीनदा चिकटली. चौथ्यांदा जी रेघ उमटली तिला त्यानं "कोंबडीनं उकरल्यागत" म्हटलं. खरं होतं.

याच मशीनवर टिग वेल्डिंगही होतं. त्यासाठी वेगळी टॉर्च, आरगॉनचा सिलिंडर आणि रेग्युलेटर लागतो. कांडीच्या कामात होल्डर बहुतेक वेळा पॉझिटिव्हला असतो, टिगमध्ये टॉर्च निगेटिव्हला. उलटं जोडलं तर टंगस्टनचं टोक वितळून त्याची गोळी होते. ॲल्युमिनियम जोडायचं असेल तर एसी टिग लागतं, हा लहान डीसी डबा ते करत नाही. आणि डोंगरावर टिग करायला गेलात तर वारा आरगॉन उडवून नेतो, जोडाला हवा लागते आणि तो भोकांनी भरतो. कांडीवरचं आवरण जळून स्वतःच धुराचं पांघरूण तयार करतं, म्हणून उघड्यावर कांडीच बरी. स्टीलच्या चकचकीत रेलिंगची बारीक कामं खाली उद्यमनगरात आडोशाला करून आणायची, वर फक्त बसवायची. अनुभवी मिस्त्रीला हे माहीत असतं. मोबाईलवर शिकलेल्याला दोन सिलिंडर वाया गेल्यावर कळतं.

सिलिंडर वाया गेला तर पैसे जातात. डोळ्यांचा हिशोब वेगळा आहे. वेल्डिंगच्या ठिणगीतून अतिनील किरण निघतात. ते बुबुळावरचा पडदा भाजतात, उन्हानं कातडी भाजते तसा. त्या वेळी काहीच कळत नाही. सहा-आठ तासांनी, म्हणजे नेमकं रात्री, डोळ्यांत वाळू पडल्यासारखं होतं. हा पडदा बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आपोआप भरून येतो आणि श्रेय मिळतं बटाट्याला. म्हणून तर हा उपाय पिढ्यान्पिढ्या टिकलाय. पण दर आठवड्याला डोळे भाजून घ्यायचे आणि दर वेळी बरे होतीलच असं धरायचं, ही पैज आहे. 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं वेल्डिंगचा धूर आणि त्यातले अतिनील किरण, दोन्ही माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखू त्याच गटात आहे. गॉगलमध्ये बाजूनं उजेड शिरतोच, शिवाय त्याची काच या कामासाठी बनलेलीच नसते. इथं 10 किंवा 11 नंबरची शेड लागते आणि चेहरा, मान झाकणारं हेल्मेट.

हेल्मेट का घालत नाहीस, हे त्याला विचारलंच. त्याचं उत्तर प्रामाणिक होतं. "काळ्या काचंतनं काय दिसतंय? टाका कुठं बसतोय तेच कळत न्हाई. एका हातानं शिडी धरू का हेल्मेट?" बरोबर आहे. जुन्या काचेतून ठिणगी पडेपर्यंत अंधारच असतो. पण आता ठिणगी पडताक्षणी आपोआप काळी होणारी काच आलीय. ते हेल्मेट डोक्यावर बसतं, दोन्ही हात मोकळे राहतात, हजार-दीड हजारांपासून मिळतं. त्याला ते असतं हे माहीतच नव्हतं. मशीन विकणाऱ्या दुकानदारानं सांगितलं नव्हतं आणि मोबाईलवरच्या ज्या माणसाकडून तो शिकला, तोही गॉगलवरच होता.

आता गुलालाची गोष्ट. तो वर टाके मारत होता आणि बरोबर खाली गुलालाची पोती, सुक्या खोबऱ्याचे ढीग, कापराचे पुडे. "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणत आपण जो उधळतो, त्यातला बराचसा गुलाल आता स्टार्चपासून बनतो. पोत्यात तो शांत असतो. हवेत उडाला की त्याचा प्रत्येक कण जळू शकतो. 27 जून 2015 ला तैवानमधल्या एका वॉटर पार्कमध्ये रंगांच्या पार्टीत मक्याच्या स्टार्चची रंगीत पावडर हवेत पेटली. 15 जण गेले, शेकडो भाजले. त्यात बहुतेक आपल्या वयाचे. जोतिबावर तसं होईल असं मी म्हणत नाही. ठिणग्यांखाली पोती नकोत, एवढंच म्हणते. जिथं हे काम नीट होतं तिथं आसपासच्या 35 फुटांत जळणारं काही ठेवत नाहीत, हलवता येत नसेल तर झाकतात आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास कुणीतरी थांबून बघतं. इथं पाण्याची एक बादली नव्हती. दुकानदार काका मात्र गल्ल्यावर निवांत बसून होते.

यावर उपाय म्हणून बंदी घाला, परवाना लावा, असं मी म्हणणार नाही. परवाना आला की आधी ही पोरं मार खातील, कारण ती पोटासाठी काम करतायत. मार्ग आपल्याकडं आहेच, नुसता रुंद करायचाय. आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा ट्रेड आहे, कोल्हापुरात कळंब्याला सरकारी आयटीआय आहे. पण बी.कॉम. सोडून वर्षभर कोण जाणार? आणि का जावं? त्याला हवेत चार-पाच दिवस. कांडी, करंट, वायर, अर्थिंग, डोळे, धूर, आग. संध्याकाळची बॅच, थोडी फी, शेवटी एक कागद. असा साचा सरकारकडं तयारसुद्धा आहे. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण आहे, रोजचे 500 रुपये भत्ता आहे, अवजारांसाठी 15,000 रुपये आहेत. त्यातल्या 18 व्यवसायांच्या यादीत सुतार आहे, लोहार आहे, कुलूप बनवणाराही आहे. वेल्डर नाही. योजना पारंपरिक कारागिरांची आहे, हे मान्य. पण गावात आज लोहाराचं अर्धं काम वेल्डरच करतो. त्या 15,000 मध्ये मशीन, हेल्मेट, हातमोजे आणि जाड वायर, सगळं बसतं.

आणि थोडं आपल्याबद्दल. "अभ्यास कर, नाहीतर वेल्डिंग करत बसशील," हे वाक्य आपण सगळ्यांनी घरी ऐकलंय. ज्या गावात बाबूराव पेंटर आणि दामले यांनी 1918च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, त्याच गावात हातानं काम करणं ही शिक्षा कधीपासून झाली? या टोमण्यामुळंच तो पोरगा वर्गात कुणाला सांगत नाही की तो वेल्डिंग करतो. सांगत नाही म्हणून विचारत नाही, विचारत नाही म्हणून त्याला हेल्मेट माहीत नाही. नाव छापू नको, असं त्यानं मला दोनदा बजावलं. वडिलांची भीती नव्हती त्याला, वर्गातल्या पोरांची होती.

यात्रेच्या दिवशी लाखो लोक डोंगरावर येतील. सासनकाठ्या नाचतील, गुलालानं पायऱ्या गुलाबी होतील आणि त्यानं जोडलेल्या चौकटीला टेकून कुणीतरी खोबरं घेईल. जोड टिकेल, हात चांगला आहे त्याचा. तुमच्या वर्गातही असा एखादा असेल, सकाळच्या लेक्चरला लाल डोळ्यांनी येणारा. त्याला रात्री जागलास का म्हणून चिडवण्याआधी एकदा विचारा, हेल्मेट आहे का? नसेल तर चौघांनी वर्गणी काढून घ्या. बटाटे भाजीला ठेवूया.