रंगाच्या वासाची काळजी, पण पात्याचं काय?

गेल्या महिन्यात एक बाई चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. डाव्या अंगठ्याला रुमाल गुंडाळलेला, जखमेत कॉफीची पूड भरलेली. मुलगा विमानांची, सैनिकांची प्लास्टिकची छोटी मॉडेल्स बनवतो. आई म्हणाल्या, "डॉक्टर, मी त्याला सारखं सांगते, त्या रंगांचा वास घेऊ नकोस." इजा मात्र रंगाची डबी उघडायच्या आधीच झाली होती.

माझ्या मते, आपण या छंदात चुकीच्या टप्प्याची काळजी करतो. खरा धोका रंगवण्याआधीच्या साफसफाईत असतो.

ही साफसफाई का लागते? वितळलेलं पॉलिस्टायरीन दोन भागांच्या साच्यात दाबाने भरून हे तुकडे तयार होतात. त्यामुळे साच्याच्या सांध्यावर बारीक उंच रेघ राहते, चौकटीतून तोडल्यावर टोक राहतं आणि कधी कधी पृष्ठभागावर तेलकट थर असतो. हे तसंच ठेवून रंगवलं तर रेघ उठून दिसते, रंग नीट धरत नाही. म्हणजे साफसफाई टाळता येत नाही. ती कशी करायची, एवढंच आपल्या हातात आहे.

पहिली गोष्ट, पातं. बोटाची हालचाल करणाऱ्या कंडरा आणि संवेदना देणाऱ्या नसा त्वचेच्या अगदी जवळ असतात. रेघ काढायला कापावं लागतच नाही. पात्याची बोथट पाठ हलक्या हाताने ओढली की ती खरवडून निघते. जिथे कापावंच लागतं तिथे पातं शरीरापासून दूर चालवा आणि नवं पातं वापरा. बोथट पात्यावर जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हातच सटकतो.

दुसरी, डोळे. कटरने टोक तोडताना तुकडा उडतो. साधा संरक्षक गॉगल पुरेसा आहे.

तिसरी, धूळ. कोरडा पॉलिश पेपर घासला की बारीक भुकटी हवेत जाते. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण श्वासनलिकेत उतरतात, २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसांत खोलवर जातात. घरात दम्याचा रुग्ण असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. उपाय स्वस्त आहे: वॉटर पेपर ओला करून घासा. धूळ पाण्यातच राहते. नंतर ओल्या फडक्याने टेबल पुसा, झाडू मारू नका. रेझिनचे तुकडे घासताना एन-९५ मास्कही लावा. पण लक्षात ठेवा, हा मास्क कण अडवतो, गोंदाची किंवा थिनरची वाफ अडवत नाही. त्यासाठी खिडकी उघडी हवी आणि जवळपास गॅस, उदबत्ती नको, कारण ही वाफ पेट घेते.

शेवटी सगळे तुकडे कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने जुन्या टूथब्रशने धुवून पूर्ण वाळवा. पाणी उकळतं नको, प्लास्टिक वाकतं.

आता मजा बघा. पाठीने खरवडल्यास पृष्ठभागावर खड्डे पडत नाहीत. ओलं घासल्यास ओरखडे कमी येतात. धुतल्यास रंग घट्ट बसतो. आरोग्याला जे चांगलं, तेच मॉडेललाही चांगलं! म्हणून मुलांना "सांभाळून कर" एवढंच सांगण्यापेक्षा "असं केलंस तर विमान जास्त छान दिसेल" असं सांगा. ते ऐकतील.

आणि कापलंच तर? वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ कापड १० मिनिटं न उचलता दाबून धरा. हळद, कॉफी काही भरू नका. रक्त थांबत नसेल, बोटाचं टोक वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर जखम कितीही लहान दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं तेही सांगा.

त्या मुलाची कंडरा सुदैवाने शाबूत होती. आईने विचारलं, "हा छंद बंद करू का?" मी म्हटलं, मुळीच नको. मोबाइल बाजूला ठेवून दोन तास एका जागी बसणारा मुलगा आजकाल कुठे मिळतो? छंद राहू द्या, फक्त सवय बदला.