पैसे आमचे, किल्ली दुसऱ्याच्या कमरेला

रत्नागिरी

प्रति,
मा. श्री. मनसुख मांडविया,
केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : नोकरी सुटल्यावर हक्काच्या पैशांपर्यंत पोहोचण्याबाबत

मा. मंत्रिमहोदय,


मी टाइम ऑफिसातला माणूस. रत्नागिरीच्या एका कारखान्यात हजेरी, पगारपत्रक आणि फंडाचे फॉर्म यांतच माझी नोकरी सरली. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी रविवारी सकाळी पडवीत कोणी ना कोणी येऊन बसतंच. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत आधार, पासबुक आणि घामाने पुसट झालेली एखादी पगाराची स्लिप. पहिलं वाक्य बहुतेक तेच असतं : “काका, काम सुटलं. फंड काढायचाय, पण लॉगिनच होत नाही.”

हे पत्र आपल्यालाच लिहिण्याचं कारण साधं आहे. फंडाच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या, केंद्रीय विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष आपण आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे अध्यक्षही आपणच. काम गेलेल्या कामगाराला या देशात जे थोडंफार हाती लागतं, ते मुख्यतः या दोन दारांतून. एकाच टपालात दोन्हीकडे निरोप पोहोचेल.

पण दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी माझा गुन्हा कबूल करतो. भरतीच्या दिवशी दारात रांग लागायची. नाव विचारायचं आणि ऐकू येईल तसं इंग्रजीत उतरवायचं. कोणी ‘दत्ताराम’ सांगितलं तर मी ‘दत्ता’ लिहिलं, कारण सगळे त्याला दत्ताच म्हणत. जन्मतारीख ठाऊक नसेल तर 1 जून. शाळेत मास्तरांनी अर्ध्या गावाला हीच तारीख दिलेली, मीही तीच देत राहिलो. तेव्हा या चुकांनी कोणाचं फारसं अडत नसे. पैसे काढायच्या फॉर्म एकोणीस आणि दहा-सीवर मालकाची सही-शिक्का पडला की कागद पुढे सरकायचा. ऑक्टोबर 2014 मध्ये यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा फंडाचा एकच क्रमांक, आला, पुढे त्याला आधार जोडलं गेलं, आणि माझ्या घाईतल्या स्पेलिंगांचं कुलूप झालं. फंडात ‘दत्ता’ आणि आधारवर ‘दत्ताराम’ असला की यंत्राच्या लेखी ती दोन माणसं.

बायकांचं तर विचारूच नका. आमच्याकडे लग्न झालं की बाईच्या नावापुढे वडिलांच्या जागी नवरा येतो, आडनाव बदलतं, काही घरांत मूळ नावसुद्धा बदलतं. माहेरी असताना मासळीच्या कारखान्यात लागलेली मुलगी सासरी आल्यावर कागदोपत्री तिसरीच कोणीतरी होते. फंड मात्र पहिलीच्याच नावावर पडून असतो.

आता काही गोष्टी सुधारल्या, हे मान्य केलं पाहिजे. जानेवारी 2025 पासून, ज्यांचा यूएएन 1 ऑक्टोबर 2017 नंतर आधारावर निघाला, त्यांना नाव आणि जन्मतारीख स्वतः दुरुस्त करता येते. एप्रिल 2025 मध्ये चेकचा फोटो जोडण्याची अट गेली आणि बँक खातं जोडायला लागणारी मालकाची मंजुरीही गेली. हे निर्णय कामाचे आहेत. पण यात एक विपरीत गोष्ट घडली आहे. ज्याचा यूएएन जुना, त्याला दुरुस्तीसाठी अजून मालकाच्याच दारात जावं लागतं. म्हणजे ज्याने जास्त वर्षं घाम गाळला आणि ज्याच्या खात्यात जास्त पैसे साठले, त्याचंच कुलूप सर्वांत जाड. आणि नोकरीवरून काढलेल्या माणसाने त्याच मालकाकडे जाऊन “साहेब, माझं नाव तेवढं सुधारा” म्हणायचं.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे. नोकरी जाते तेव्हा पगार जातोच, पण आपल्या पैशांपर्यंत जायची वाटही त्याच संध्याकाळी जाते. ही सगळी व्यवस्था कामावर असलेल्या माणसाच्या मापाने शिवलेली आहे, आणि ती वापरायची वेळ येते काम गेल्यावर.

मोबाइलच बघा. पडवीत आलेल्या एका ताईच्या यूएएनला कंत्राटदाराच्या सुपरवायझरने स्वतःचाच नंबर लावून ठेवला होता. शंभर बायकांची नोंदणी एका दिवसात उरकायची, प्रत्येकीच्या ओटीपीची वाट कोण बघणार? कंत्राट संपलं, सुपरवायझर दुसऱ्या जिल्ह्यात गेला. ताईच्या पैशांचा ओटीपी अजून त्याच्या खिशात वाजतो.

खात्याचंही तसंच. कारखान्याने गेटवर बँकेचा माणूस बसवून सर्वांची पगाराची खाती उघडलेली असतात. पगार थांबला की व्यवहार थांबतात, आणि दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. त्यात बँका विलीन होतात. आमच्या कोकणात शाखा असलेली विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मिसळली. पाटी बदलली हे ग्राहकाला दिसतं. फंडाच्या नोंदीत असलेला शाखेचा आयएफएससी कोड जुना झालाय का, हे त्याला पैसे परत गेल्यावर कळतं.

बोटांचं दुखणं तर अस्सल रत्नागिरीचं. काजू फोडणाऱ्या बाईच्या बोटांना टरफलातला चीक लागतो, कातडी जळते, सोलते. मासळी साफ करणारीचे हात दिवसभर बर्फात असतात. अशा हातांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. ज्या कामाने बोटं झिजली, त्याच कामाचे पैसे मागताना ओळखीसाठी बोटं दाखवा म्हणायचं, हे बरं दिसत नाही.

आणि सर्वांत मोठी गाठ नोकरी सोडल्याच्या तारखेची. ती तारीख मालकाने भरायची. त्याने भरली नाही तर जानेवारी 2020 पासून कामगाराला स्वतः भरता येते, पण शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिने उलटल्यानंतरच. तोवर घरी बसलेला माणूस आपल्या नोंदीत कामावरच असतो. 13 ऑक्टोबर 2025 च्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीत आपण पैसे काढण्याचे 13 प्रकार मोडून 3 केले. बेकार झालेल्याला 75 टक्के रक्कम लगेच काढता येईल, असं आपल्या मंत्रालयाने सांगितलं. संपूर्ण रक्कम काढण्यासाठीची दोन महिन्यांची मुदत मात्र बारा महिन्यांवर गेली. उतारवयासाठी काहीतरी शिल्लक राहावं, हा हेतू मला कळतो. माझी विनंती एवढीच की त्या ‘लगेच’ या शब्दाला अर्थ यावा. लॉगिन, नाव, नंबर आणि खातं या चार पायऱ्या चढेपर्यंत ‘लगेच’चा गणपती होतो आणि गणपतीचा शिमगा.

आता दुसऱ्या दाराकडे येतो. ज्यांच्या पगारातून कर्मचारी राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयची, वर्गणी कापली जाते, त्यांच्यासाठी 1 जुलै 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. बेकार झाल्यावर जास्तीत जास्त 90 दिवस सरासरी मजुरीच्या 25 टक्के मिळत, ते कोरोनाकाळात 2020 मध्ये 50 टक्के झाले. अर्ज मालकामार्फत न देता थेट शाखेत देता येऊ लागला. महिना 15 हजार कमावणाऱ्याला यातून सुमारे 22 हजार रुपये मिळू शकतात. तीन महिने चूल पेटायला ही रक्कम लहान नाही. पण गेटवर ही योजना कोणाला विचारा, बहुतेकांनी नावही ऐकलेलं नसतं.

ज्यांनी ऐकलंय त्यांची गाडी अटींवर अडते. दोन वर्षं विम्याखालची नोकरी हवी, काम सुटण्याच्या लगतच्या वर्गणीकाळात किमान 78 दिवस भरलेले हवेत, आणि आधीच्या तीनपैकी आणखी एकात तेवढेच. वर्गणीकाळ दोन : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. हे गणित बारमाही कारखान्याचं आहे. आमच्याकडे आंब्याच्या कॅनिंगचा हंगाम एप्रिलअखेर सुरू होतो आणि पाऊस लागला की आटोपतो. त्यात 78 दिवस कुठून आणायचे? पुढच्या सहामाहीत तर शून्य. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे तिकडेही हात रिकामे. तीच बाई मे महिन्यात आंबा कापते आणि ऑगस्टनंतर मासळी साफ करते. पण दोन कंत्राटदारांनी तिचे दोन विमा क्रमांक काढले, तर यंत्राला दोन अर्ध्या बायका दिसतात. पूर्ण हक्क दोघींपैकी एकीलाही नाही. वर हा लाभ आयुष्यात एकदाच, जणू बेकारी हा कांजिण्यांचा रोग आहे, एकदा झाला की पुन्हा होत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी एकीत कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात 45 दिवसांत पंधरा दिवसांची मजुरी जमा करण्याची तरतूद आहे. चांगली आहे. भीती एवढीच की त्यासाठी तिसरं पोर्टल, तिसरा पासवर्ड आणि तिसरं ‘नाव जुळत नाही’ येऊ नये.

रत्नागिरीला बेकारीची ओळख जुनी आहे. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, तेव्हा घराघरांत चाकरमानी परत आले, ते कित्येक कायमचेच. त्याआधी गावात पैसा यायचा तो मनीऑर्डरने. पोस्टमन दारात यायचा, म्हातारीचा अंगठा घ्यायचा आणि नोटा मोजून द्यायचा. पत्त्यावर नाव ‘सरस्वती’ असो की ‘सरू’, तो माणूस ओळखायचा.

त्याहून जुनी गोष्ट सांगतो. 1886 मध्ये ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा इथे आणला गेला आणि 1916 मध्ये इथेच वारला. त्याचा राजवाडा आम्ही पाहुण्यांना दाखवतो. राज्य गेलं, मिळकत गेली, उरला तो इंग्रजांनी ठरवलेला भत्ता. तो पुरत नाही म्हणून राजा सरकारला अर्जांवर अर्ज पाठवीत असे. काम गेलेला रत्नागिरीतला पहिला मोठा माणूस म्हणा ना! पण त्याच्यावर देखरेखीसाठी एक पोलीस अधिकारी नेमलेला होता. मागणी मान्य होवो न होवो, अर्ज हातात घेणारं कोणीतरी समोर होतं. आजच्या कामगाराला तेवढंही नाही. त्याच्यासमोर एक गोल फिरत राहतो आणि मग इंग्रजीत एक ओळ येते. ती वाचून घ्यायला तो माझ्या पडवीत येतो.

म्हणून पाच मागण्या करतो. एकही आकाशातला चंद्र मागणारी नाही.

पहिली : हिशोब शेवटच्या दिवशी गेटवरच पुरा व्हावा. कामगाराचा स्वतःचा मोबाइल, चालू खातं आणि जुळलेलं नाव तपासून नोकरी सोडल्याची तारीख त्याच दिवशी भरली जावी, आणि हे केल्याशिवाय मालकाची जबाबदारी संपू नये. ज्याचा मालक किंवा कंत्राटदार पळाला, त्याला तारीख भरायला दोन महिने थांबवू नये.

दुसरी : क्लेम नाकारायचा असेल तर सगळ्या चुका एकदाच आणि मराठीत सांगाव्यात. आज नाव, महिन्याने तारीख, त्यानंतर खातं, अशी हप्त्याहप्त्याने शिक्षा नको.

तिसरी : अर्ज घेणारा माणूस जवळ हवा. फंडाचं प्रादेशिक कार्यालय कोल्हापूरला, मध्ये आंबा घाट, पावसात दरड कधी येईल सांगता येत नाही. दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’चं शिबिर भरतं, ते उपयोगी आहे. पण मंडणगडच्या माणसाचा जिल्ह्याच्या ठिकाणी येण्यात दिवस मोडतो. आमचे तालुके नऊच आहेत, शिबिर तालुक्याला फिरवा. निवृत्तांचा हयातीचा दाखला आज पोस्टमन घरी येऊन काढतो. त्याच पोस्टमनला बेकार कामगाराची ओळख पटवायचा आणि मोबाइल नंबर बदलायचा अधिकार द्या. ज्याचे ठसे उमटत नाहीत आणि ज्याच्याकडे चांगला फोनही नाही, त्याच्यासाठी तरी हे व्हावं.

चौथी : अटल योजना मुदतवाढीवर जगवू नका, कायमची करा. 78 दिवसांचं गणित हंगामी कामगारासाठी सबंध वर्षाचं धरा आणि ‘आयुष्यात एकदाच’ ही अट काढा.

पाचवी : नव्या संहितेतले पंधरा दिवसांचे पैसे फंडाच्या तपासलेल्या खात्यातच पाठवा. कामगाराकडून नवा अर्ज मागू नका.

रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने 1977 मध्ये केला. मागूनही पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर भत्ता, हा शब्द सरकारने तेव्हाच दिला होता. तेव्हा बेकारभत्ता म्हणजे खिरापत, असं आम्हाला कोणी शिकवू नये. आणि फंड तर कोणाचा भत्ताही नाही, तो कामगाराच्या स्वतःच्या पगारातून आणि त्याच्यापोटी मालकाने भरलेला पैसा आहे. तो हाती यायला उशीर झाला की माणूस दागिना सोनाराकडे ठेवतो, नाहीतर उसने काढतो. आपल्याच पैशांची वाट बघता बघता तो दुसऱ्याचं व्याज भरत बसतो.

येत्या 27 तारखेला तीन जणांना घेऊन मी शिबिराला जाणार आहे. एकाचं नाव अर्धं आहे, एकाची जन्मतारीख 1 जून आहे, एकीचं माहेरचं आडनाव आहे. तिघांचेही भरतीचे फॉर्म माझ्या हस्ताक्षरात आहेत.

आपला विश्वासू,
टाइम ऑफिसातला एक निवृत्त कारकून