आधी तुकड्याची रवानगी, मागाहून रुग्णाची




कर्जत व खालापूर या तालुक्यांस कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय असावे अशी इच्छा आपल्या भागात अधूनमधून बोलून दाखविली जाते, आणि तीमागील तळमळीविषयी कोणी शंका घेऊ नये. परंतु फुप्फुसातील सारकोमा, म्हणजे स्नायू, मेद, रक्तवाहिन्या यांसारख्या मृदू ऊतकांचा दुर्मीळ कर्करोग, डोळ्यांपुढे ठेवून पाहिले तर इमारतीच्या आधी एका साध्या दस्तुराची निकड अधिक आहे, असे माझे म्हणणे आहे. शरीरातून काढलेली कोणतीही गाठ तपासणीवाचून टाकू नये, आणि जेथे निदानाविषयी संशय असेल तेथे रुग्णास मुंबईस धाडण्यापूर्वी त्याच्या गाठीचा तुकडा जाणकारांकडे रवाना व्हावा, हाच तो दस्तूर.

फुप्फुसातच मूळ धरणारा सारकोमा फुप्फुसाच्या कर्करोगांत शेकडा एकाहूनही कमी आढळतो. खोकला, धाप, छातीतील दुखणे, क्वचित थुंकीतून रक्त ही त्याची लक्षणे क्षयाहून वेगळी ओळखू येत नाहीत. आणि क्षय आपल्याकडे इतका परिचयाचा की, एक्स-रेवर डाग दिसताच टीबीचा कोर्स सुरू करण्यास फारसा विचार लागत नाही. वास्तविक थुंकीची सीबीनॅट वा ट्रूनॅट तपासणी सरकारी खर्चाने होते. तिच्यात जंतू सापडले नाहीत, दोन महिन्यांच्या औषधानेही डाग हटला नाही, उलट वाढला, तरीही तीच औषधे पुढे रेटीत राहणे हा उपचार नव्हे, ती केवळ चालढकल होय. त्यातून सारकोमाच्या पेशी थुंकीत सहसा उतरत नाहीत, त्यामुळे थुंकीचा अहवाल निर्दोष आला एवढ्यावरून निर्धास्त होण्याची सोयही येथे नाही. सीटी काढावा लागतो आणि तुकडा घ्यावाच लागतो.

याहून मोठी गफलत मात्र छातीबाहेर होते. फुप्फुसात दिसणारा सारकोमा बहुधा तेथला नसतोच. मांडी, दंड, पोटाची मागील बाजू, स्त्रियांत गर्भाशय, अशा ठिकाणी तो आधी उद्भवून रक्तावाटे वर आलेला असतो. म्हणून छातीची फिल्म उजेडाला धरून पाहणाऱ्या डॉक्टराने त्याच बैठकीत रुग्णाची मांडी उघडी करून पाहावी, आणि पूर्वी कधी गाठ काढली होती काय हे खोदून विचारावे. कशेळे गावाच्या बाजूचा एखादा वीटभट्टीवरचा मजूर न दुखणाऱ्या गाठीसाठी रोजगार बुडवून दवाखान्यात येत नाही. येतो तेव्हा ‘चरबीची गाठ आहे’ म्हणून ती अर्ध्या तासात कापली जाते, आणि शस्त्रक्रियागृहातील बादलीत जाते. वर्षा-दोन वर्षांनी त्याच्या फुप्फुसात डाग उमटतात तेव्हा मूळ पुरावाच शिल्लक नसतो. खोलवरची, वाढणारी किंवा पाच सेंटिमीटरहून मोठी गाठ असेल तर आधी चित्रण, मग सुईने तुकडा, आणि सुरी सर्वांत शेवटी, हा क्रम जगभर मान्य झालेला आहे; तो आपल्या तालुक्यांत पाळण्यास कोणाच्या मंजुरीची वाट पाहावयाची?

तुकडा म्हणजे तरी काय? बारीक सुईने ओढलेल्या चार पेशी येथे बहुधा पुरत नाहीत. जाड सुईने काढलेल्या, शेवयांएवढ्या बारीक दोन-चार काड्या लागतात. त्या सलाइनमध्ये नव्हे, तर ताबडतोब दसपट फॉर्मेलिनमध्ये बुडवावयाच्या. पुढे त्या मेणात बसवून ब्लॉक तयार होतो, त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेऊन रंगवितात, आणि मग दिसतात त्या लांबट, चातीच्या आकाराच्या पेशी, ज्या सारकोमाच्या अनेक प्रकारांत, आणि काही निरुपद्रवी गाठींतही, जवळजवळ सारख्याच असतात. विशिष्ट प्रथिनांचे रंग लावून, आणि सायनोव्हियल सारकोमासारख्या प्रकारात एक्स व अठराव्या गुणसूत्रांची अदलाबदल पाहून निवाडा करावा लागतो, आणि त्यावर औषध व शस्त्रक्रिया दोन्ही अवलंबून असतात. लहान प्रयोगशाळेने ‘नक्की सांगता येत नाही’ असे लिहिले तर तो तिचा प्रामाणिकपणाच समजावा; दोष आहे तो ब्लॉक कपाटात ठेवून रुग्णाच्या हाती केवळ कागद देण्यात. नीट बनविलेला ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो, आणि त्याला लोकलमध्ये बसावयास जागा लागत नाही.

असा ब्लॉक तपासणारे जाणकार आपल्यापासून दूर नाहीत. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीने उभारले. धोतराच्या काचण्याने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे १९४५ साली वर्णन करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीच तेथील विकृतिशास्त्राचा पाया घातला. त्याच संस्थेचे खारघरचे केंद्र तर आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात आहे. असे असता कर्जतचा रुग्ण पहाटेची लोकल पकडून दादरमार्गे परळला पोहोचतो, दिवसभर रांगेत ताटकळतो, आणि ‘ब्लॉक व स्लाइड घेऊन या’ एवढे ऐकून परततो.

क्वचितच कोणास होणाऱ्या रोगासाठी एवढा खटाटोप कशास, असे कोणी म्हणेल. पण हा दस्तूर एकट्या सारकोमासाठी नाही. फुप्फुसाचा नेहमीचा कर्करोग, लसिकाग्रंथींच्या गाठी, आणि खुद्द क्षयसुद्धा त्याच बाटलीतून ओळखले जातात. ग्रामीण भागास हे झेपत नाही, ही सबबही टिकणारी नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस १९८७ पासून खेडोपाडी फिरून कर्करुग्णांची नोंद ठेवली जात आहे.

तेव्हा अलिबागच्या जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दप्तराकडे माझी दरखास्त एवढीच: दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक सरकारी रुग्णालयात फॉर्मेलिनच्या रुंद तोंडाच्या बाटल्या असाव्यात, बाटलीवर रुग्णाचे नाव, जागा व तारीख शाईने नव्हे तर पेन्सिलीने लिहिलेली असावी, कारण शाई विरघळते, काढलेल्या प्रत्येक गाठीची नोंदवहीत नोंद व्हावी, आणि आठवड्यातून एकदा एका जबाबदार कर्मचाऱ्याने संशयित ब्लॉक खारघर वा परळ येथे पोचते करून त्यांची पोचपावती रुग्णाच्या स्वाधीन करावी.

आपला,
एक वाचक, कर्जत