झेरॉक्सही अमानतच

गेल्या महिन्यात आमच्या वर्गातल्या एका मुलीची अम्मी शाळेत आली. हातात इंग्रजी नोटीस. तिच्या नावावरच्या कर्जाचे हप्ते थकले होते. "सर, मी शिलाई करून घर चालवते. कर्ज कधी काढलंच नाही," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

आम्ही विचारलं, आधार आणि पॅनची झेरॉक्स कुठे कुठे दिली? ती बोटांवर मोजू लागली. सिमकार्ड, भाड्याची खोली, शिष्यवृत्ती, हप्त्यावरचा फ्रिज... बोटं संपली, यादी संपेना.

कर्ज देणाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली, पोलिसांत अर्ज केला. दुसऱ्याची ओळख वापरून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी कर्ज आपलं नाही हे पटवून द्यायला त्या बाईची मजुरी बुडतेच आहे.

आपण काय करावं? झेरॉक्सवर कारण आणि तारीख आडवी लिहून सही करावी: "फक्त खोली भाड्यासाठी". चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्यावं; त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. अंगठ्याचा गैरवापर टाळायला आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवावं. आपल्या नावावर किती सिम आहेत, ते सरकारच्या 'संचार साथी'वर दिसतं. नावावर कुठलं कर्ज आहे ते सिबिलसारख्या संस्थेच्या अहवालात कळतं. तो वर्षातून एकदा मोफत मिळतो. ओटीपी कुणालाही सांगू नये. खात्यातून पैसे गेलेच, तर लाजत न बसता लगेच १९३० वर फोन करावा आणि बँकेला कळवावं.

दुकान, कारखाना चालवणाऱ्या भावांनी आपला पॅन टाकून जीएसटीच्या पोर्टलवर बघावं. आपल्या नावाने भलतीच नोंदणी निघाली, तर वेळीच तक्रार करता येते. कामगारांची आणि गिऱ्हाइकांची कागदपत्रं गल्ल्याशेजारी उघडी न ठेवता कुलपात ठेवावीत.

हे लिहिताना आमचीच मान खाली जाते. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही वर्गाचं कपाट उघडलं. जुन्या प्रवेशअर्जांबरोबरच्या आधारच्या प्रती तशाच पडलेल्या. पाठ कोरी म्हणून त्यातले काही कागद आम्हीच मुलांना कच्च्या कामाला वाटले होते. कुणाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो कुणाच्या दप्तरातून कुठे गेला, आम्हाला सांगता येणार नाही.

कुणी सोन्याची बांगडी ठेवायला दिली, तर आपण रात्री दोनदा कुलूप तपासतो. कागदाला मात्र रद्दी समजतो. नको असलेल्या प्रती दुसऱ्या दिवशी आम्ही बारीक फाडल्या, लागणाऱ्या कुलपात ठेवल्या. या जुम्म्याला नमाजनंतर तुम्हीही घरातलं एक कपाट उघडा. दुसऱ्यांचे कागद निघाले, तर आधी त्यांची सोय लावा.